मथुरा काय म्हणत होती

मथुरा माही धाकटी जाऊ. आमच्या घरात बोलणारी मी आन् ऐकणारी ती, अशी वाटणी ती लग्न होऊन आली त्याच दिवशी झाली. भिलाईच्या कॅम्प-एकच्या बाजारात माहं फॉल-पिकोचं दुकान आहे. दिवसभर मशीन चालते आन् मशीनच्या वरून माहं तोंड चालते. 'बोलणाऱ्याचा कोंडा विकते, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहते,' असं मी तिले कितीदा सांगितलं असन. ती हासे आन् साडीचा फॉल मांडीवर घेऊन हातशिलाई करत राहे. टाका असा बारीक, की गिऱ्हाईक विचारे, कोण शिवते वं हे? मी म्हणो, आमची मुकी.

मुकी नाही ती. लाखांदूरकडच्या खेड्यातली पोरगी. मराठीत बोलायला बसली त धानाच्या रोवण्यापासून भुताखेतापर्यंत सगळं सांगते. पण भिलाईत घराचा उंबरठा ओलांडला की हिंदी. भाजीवाला हिंदी, शाळा हिंदी, दवाखाना हिंदी. स्टील प्लांटच्या नोकरीसाठी साऱ्या मुलखाची माणसं इथं आली, कोण कोणाची भाषा शिकत बसन? आमचे सासरे भंडाऱ्याहून आले तेव्हापासून घरात मराठी, दारात हिंदी. माही हिंदी कडक आहे, इथं इतके साल भांडून भांडून झाली. मथुराची हिंदी म्हणजे मराठी शब्दाले 'है' लावला की झालं. आमी हासायचो तिले. आता कोणी हासत नाही.

मी हे रागानं सांगून राहिली, आधीच सांगून ठेवते. गोड ऐकायचं असन त दुसऱ्याच्या दारात जा.

मथुराची पोरगी नीतू. माहे दोन्ही पोरं बाहेरगावी नोकरीले, म्हून नीतू म्हणजे दोन्ही चुलींची. मले मोठी आई म्हणते. शाळेत कबड्डी खेळे, घरी आली की दप्तर फेकून आधी माह्या डब्यातला चिवडा खाय. तिची पाळी सुरू झाली आन् त्याच सालात पोट दुखायला लागलं. साधं दुखणं नाही, बाप्पा! एकदम कळ उठे, पोटातून पाठीत जाय, पाठीतून मांड्यांत. पोरगी आखडून जाय, दात आवळे, मुठी वळे, घामानं निथळे. घंटा-घंटा हे चाले. मंग दिवसभर निपचित पडून राहे.

आमच्याकडं अशा दुखण्याले एकच शब्द आहे. पाठीत निघो का पोटात निघो, सर्रकन सुई घुसल्यावाणी जे दुखते, ते चमक. चमक निघाली, चमक भरली. माह्या कमरेत रोज निघते. कोणाही मराठी माणसाले विचारा.

मथुरा तिले घेऊन दवाखान्यात गेली. तिचा नवरा हिरालाल, म्हणजे माहा दीर, रसमड्याच्या कारखान्यात आहे, त्याची त्या दिवशी सकाळची पाळी होती. मी दुकानात. दवाखान्याचं नाव मी घेत नाही. काचेचे दरवाजे, आतमध्ये गारेगार. डॉक्टर बिहारकडचे, लहान पोरांचे नावाजलेले. तिथं काय झालं ते मथुरानं मले त्याच दिवशी सांगितलं.

डॉक्टरनं विचारलं, "क्या तकलीफ है?"

मथुरा म्हणाली, "साहब, इसको चमक आती है."

"चमकी आती है?"

"हाँ."

"हाथ-पैर अकड़ जाते हैं?"

"हाँ, अकड़ते."

"दाँत भिंच जाते हैं?"

मथुराले ते समजलं नाही. डॉक्टरनं स्वतःचे दात आवळून दाखवले. तिनं त्यालेही हो म्हटलं, कावून की पोरगी दात आवळतच होती. इतकं दुखल्यावर काय खदाखदा हासन?

"उसके बाद सो जाती है?"

"हाँ साहब."

झालं. चार वेळा हाँ म्हटलं आन् पोरीचं नशीब लिहून झालं. त्या माणसानं नीतूच्या पोटाले हात लावला नाही. डोळ्यात बत्ती मारली, गुडघ्यावर हातोडी मारली आन् गोळ्या लिहिल्या. मथुरा घरी आली तेव्हा खुश होती. मले म्हणे, "बाई, डॉक्टर लय हुशार आहे. म्या सांगायच्या आधीच त्याले समजलं."

गोळ्या मिरगीच्या होत्या. हे आमाले केव्हा समजलं, त डोक्याले तारा लावायचा तपास सांगितला तेव्हा. हिरालालचं तोंड पांढरं पडलं. "वहिनी, मिरगी? आमच्या नीतूले?" तपास साफ आला. या वेळी मी सोबत गेली होती. मी डॉक्टरले तोंडावर विचारलं, "जब साफ आया, तो मिरगी किधर से आई?" त म्हणे, "मैडम, रिपोर्ट नॉर्मल हो तो भी फिट हो सकती है." नीतूनं स्वतः सांगितलं, तिची हिंदी त शाळेतली, साफ. म्हणे, "अंकल, मेरे पेट में दर्द होता है." त्यानं तिच्याकडं पाहिलंही नाही. आमच्याकडं पाहून म्हणे, "कुछ बच्चों में पेट से ही शुरू होती है."

घ्या! म्हणजे पोट दुखलं तरी मिरगी, नाही दुखलं तरी मिरगी. शिकलेल्या माणसानं एकदा मनात धरलं की देव खाली उतरून आला तरी ऐकत नाही. मी अजून बोलणार होती, पण कंपाउंडरनं पुढच्या नंबरचं नाव पुकारलं आन् आमाले बाहेर काढलं.

गोळ्या सुरू झाल्या आन् दुखणं वाढलं. दुखणं वाढलं की डॉक्टर गोळी वाढवे. गोळी वाढली की दुखणं आणखी वाढे. कोणाच्या डोक्यात उजेड पडला नाही. नीतू वर्गात झोपायला लागली. कबड्डी सुटली. माह्या डब्याकडं पाहतही नव्हती. दुखणं असलं की लघवी लाल-काळी होय. मथुरानं पाहिलं आन् डॉक्टरले सांगितलं, "साहब, पेशाब कात के पानी जैसा आता है." त म्हणे, "पानी ज़्यादा पिलाइए." अरे, पाणी त बैलालेही पाजते लोकं! त्यासाठी तुह्याजवळ यायचं होतं का?

आता सासूबाईची गोष्ट. भागाबाई त्यांचं नाव, जीवानं चांगल्या, नीतूवर जीव टाकणाऱ्या. पण औषधानं होत नाही म्हटल्यावर त्यांनी डोंगरगडच्या बम्लेश्वरीले नवस बोलला. नवरात्रात नीतू नऊ दिवस उपास करीन आन् नवव्या दिवशी पायऱ्या चढून जाईन. पोरगी भोळी, बरं व्हायच्या आशेनं हो म्हणाली. दिवसाले एक फळ आन् पाणी. मथुरा एकदाच म्हणाली, "आत्याबाई, लेकरू वाळून राहिलं." त सासूबाई म्हणाल्या, "देवीच्या कामात तोंड घालू नको." मंग मथुरा गप. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

पोरगी पायऱ्या चढली. देवीच्या समोर हात जोडले. दुसऱ्या दिवशी जी चमक निघाली तिनं आधीच्या साऱ्या चमकांचा हिशोब चुकता केला. चमक उतरली तेव्हा नीतूच्या हातात कंगवा धरायची ताकद नव्हती. उजवा पाय घासत चालायला लागली. मथुरा तिची वेणी घाली, तिले घास भरवे, आन् पोरगी भिंतीकडं तोंड करून रडे. इतक्या मोठ्या पोरीले आईनं भरवायचं, म्हून रडे.

सासूबाई म्हणाल्या, "हे तुह्या लाखांदूरचं आहे, मथुरे. आमच्या घराण्यात असं दुखणं नाही."

मी तिथंच होती. मी म्हटलं, "आत्याबाई, घराणं बाजूले ठेवा, पोरीचा पाय पाहा." त्या उठून देवघरात गेल्या. मथुरा भांडे घासून राहिली होती, ती घासतच राहिली. खरं सांगू का, त्या दिवशी मले सासूबाईपेक्षा मथुराचा जास्त राग आला. अवं, एक भांडं त आपट!

रायपूरच्या एका डॉक्टरकडं गेलो. त्यानं आधीचे कागद वाचले, मिरगी म्हणे. मंग हात-पाय ढिले कावून, असं आमी विचारलं त म्हणे, "घर में कोई टेंशन है? बच्ची स्कूल से बचना चाहती है क्या?" म्हणजे पोरगी नाटक करून राहिली.  घरी आल्यावर हिरालाल नीतूजवळ बसून म्हणे, "बेटा, खरं सांग. खरंच दुखते का?"

नीतू बापाकडं पाहत राहिली. मंग तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

त्या दिवशी संध्याकाळी मथुरानं सगळ्यांले वाढलं. हिरालालपुढं ताट ठेवलं नाही. तो पाटावर बसून राहिला.  मंग तो स्वतःच उठला आन् नीतूच्या खाटेवर जाऊन तिचा पाय मांडीवर घेऊन चोळत बसला. मी मनात म्हटलं, वा वं मथुरे, कुठंतरी आहे तुह्यात जीव.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, चला नागपूरले. दुकानाले कुलूप लावलं आन् दुर्गवरून गाडीत बसलो. मथुरा, हिरालाल, नीतू आन् मी.

आन् आता आमच्या येडेपणाचा कळस ऐका. दवाखान्याची भाषा हिंदी, हे आमच्या हाडात बसलेलं. दारात हिंदी न्! नागपूरच्या त्या मोठ्या दवाखान्यात शिपाई मराठी, सिस्टर मराठी, बाजूचे पेशंट मराठी, आन् आमी तिथंही हिंदी झाडून राहिलो. हिरालालनं एका पोरगेल्या डॉक्टरले सांगितलं, "सर, इसको चमकी के दौरे आते हैं." तोपर्यंत त्याच्या तोंडात भिलाईच्या डॉक्टरचेच शब्द बसले होते. त्या पोरगेल्या डॉक्टरनं लिहिलं, फिट. म्हणे गोळी बदलून पाहू.

तेवढ्यात खाटेवर नीतूले चमक सुरू झाली. पोरगी धनुष्यावाणी वाकली. सिस्टर धावली, कोणी डोकं धरलं, कोणी म्हणे तोंडात कापड द्या, जीभ चावन. मथुरा माह्या बाजूले उभी. ती कोणाले बोलली नाही, फक्त माह्याकडं वळून म्हणाली, "अवं बाई, हिच्या पोटात चमक निघून राहिली, आन् हे लोकं अजून डोकंच धरून बसले."

बाजूच्या खाटेजवळ एक मोठ्या डॉक्टरीणबाई होत्या. डॉक्टर भाग्यश्री, वर्ध्याकडच्या. त्या गर्रकन वळल्या.

"काय म्हणालात, ताई? चमक कुठं निघून राहिली?"

मथुरा घाबरली. "पोट में, मैडम," असं हिंदीत म्हणाली.

"मराठीत सांगा ना. मराठीच आहात न् तुमी?"

"पोटात," मथुरा म्हणाली. "पोटातून पाठीत जाते. मंग मांड्यांत."

"मंग हे दौरे कोण म्हणालं?"

 कोण म्हणालं? डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरीणबाईनी नीतूच्या पोटावर हात ठेवला. हळूच दाबलं, थांबल्या, परत दाबलं. नीतूले विचारलं, "बेटा, हे सुरू असताना तुला सगळं ऐकू येतं? आठवतं?" नीतू कण्हत म्हणाली, "सब याद रहता है." मंग त्या मथुराकडं वळल्या. केव्हा होते, पाळीच्या आसपास जास्त होते का, काय खाल्लं होतं, लघवी कशी होते. आन् मथुरा बोलली! इतके साल माह्या घरात आहे, अशी बोलताना मी तिले पाहिली नव्हती. काताच्या पाण्यावाणी लघवी सांगितली, नवरात्रातला उपास सांगितला, गोळी वाढवली की दोन दिवसांनी दुखणं वाढते हेही सांगितलं. हे तिच्या ध्यानात होतं! मी कधी ऐकलं नव्हतं. मी बाजूले पर्स धरून गप उभी.

त्यांनी नीतूची लघवी काळ्या कागदात गुंडाळलेल्या बाटलीत घेतली, उजेड लागू द्यायचा नाही म्हणे. तपास बाहेर पाठवला. उत्तर आलं तेव्हा आमाले बसवून सांगितलं. पॉरफिरिया. रक्ताचा लाल रंग अंगात बनताना एका ठिकाणी काम अडकते आन् तिथं विषारी काहीतरी साचत जाते. उपाशी राहिलं की जास्त साचते. काही औषधांनी जास्त साचते. आन् मिरगीच्या त्या गोळ्या त्यातल्या वाईटातल्या वाईट.

हिरालाल म्हणे, "म्हणजे... आमी तिले..."

"तुमी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मंग त्यांनीच उलगडून सांगितलं. बिहारकडं चमकी म्हणजे झटके, फिट. लेकराले चमकी आली म्हटलं की तिकडचा डॉक्टर डोक्याकडंच पाहते. आन् आपल्याकडं चमक म्हणजे कळ. शब्द एक, दुखणं दोन.

रोग म्हशीले न् इंजेक्शन पखालीले! लहानपणी ही म्हण ऐकून मी हासत होती. आता माह्या अंगाची लाही लाही झाली. त्या माणसाच्या भाषेत दोष नाही, भाषा सगळ्यांच्याच सारख्या. पण लेकरू स्वतःच्या तोंडानं सांगून राहिलं, पोटात दुखते, तुह्याच भाषेत सांगून राहिलं, आन् तुले हात उचलून त्या पोटावर ठेवता आला नाही? हाताले मेंदी लागली होती का रे? मी दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये मोठ्यानं बोलून राहिली होती, लोकं पाहून राहिले होते, पाहू द्या.

मथुरा बाकावर बसली होती. ती डॉक्टरीणबाईले म्हणाली, "म्हणजे म्या बरोबर सांगितलं होतं?"

"बरोबरच सांगितलं होतं, ताई."

"मले वाटे मलेच सांगता येत नाही," मथुरा म्हणाली. आन् तिथंच पदर तोंडाले लावून रडली. तीन साल ती हे पोटात घेऊन बसली होती, की आपल्या अडाणी तोंडानं पोरीची वाट लावली. मी तिले जवळ घेतलं. मले त्या डॉक्टरची गचांडी धरावी वाटत होती.

नागपूरलेच गोळ्या हळूहळू बंद केल्या. ग्लुकोजच्या बाटल्या लावल्या, एक खास इंजेक्शन बाहेरून मागवलं. नीतूच्या हातात ताकद आली. एक दिवस तिनं स्वतः वेणी घातली, वाकडीतिकडी, आन् तशीच वाकडी आमी ठेवली. पाय मात्र पूर्ण आला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लवकर आले असते त आला असता. हे त्यांनी हळूच सांगितलं, पण सांगितलं. आन् बजावलं, पोरीले कधी उपाशी ठेवू नका, वेळच्या वेळी पोटभर भात खाऊ घाला. ऐकता का? भात! आमी धानाच्या मुलखात राहतो. भातासाठी कोणाच्या पाया पडायची गरज नव्हती, आन् आमी त्या लेकराले फळावर ठेवलं होतं.

हे दुखणं आईकडून येते, नाही त बापाकडून येते म्हणे. तपास केला. हिरालालच्या रक्तात निघालं. त्याले कधी डोकंही दुखलं नाही, पण आहे त्याच्यात. घरी येऊन त्यानं हे आईले सांगितलं, मथुरासमोर, माह्यासमोर. सासूबाई देवघराच्या उंबऱ्यावर बसल्या. मंग म्हणाल्या, "आपली कौशल्या." कौशल्या म्हणजे आमची नणंद, लग्नाआधीच गेलेली, पोटाच्या कळेनं. त्या वेळी देवीचा कोप म्हणून दागदागिने वाहिले होते. मथुराले सासूबाईनी माफी नाही मागितली. आमच्याकडं सासवा माफी मागत नाही. फक्त लाखांदूरचं नाव त्यांच्या तोंडून बंद झालं.

मंग आमी भिलाईच्या त्या डॉक्टरकडं गेलो. भांडायला नाही, सांगायला, की दुसऱ्या कोणाच्या लेकराचं असं करू नका. त्यानं नागपूरचे कागद पाहिले, चष्मा पुसला आन् म्हणे, "देखिए, हिस्ट्री तो आपने ही दी थी. आपने ही चमकी बोला था."

मथुराकडं बोट दाखवून म्हणे!

मी जी सुरू झाली ती वॉचमन आला तरी थांबली नाही. माह्या जिभेवर जे आलं ते त्याले हिंदीत ऐकवलं, टेबलावर हात आपटला, बाहेरचे लोकं आत पाहायला लागले. हिरालालनं मले ओढत बाहेर आणलं. आन् मथुरा? खाली मान घालून पायऱ्या उतरून राहिली होती. मी तिच्यावरच उसळली. "मथुरे, तुले राग येत नाही का वं? तुह्या पोरीचा पाय गेला! दगड आहेस का?"

"येते न्, बाई," ती म्हणाली. "पण हिंदीत येत नाही."



यंदा फेब्रुवारीत नीतूची परीक्षा सुरू होती. पोरगी सकाळी उशिरा उठली, डबा घरीच विसरली, उपाशी पेपर द्यायला बसली. दुपारी शाळेतून फोन आला, नीतू पडली. शाळेवाल्यांनी तिले जवळच्या दवाखान्यात नेलं. जवळचा दवाखाना कोणता? तोच, काचेच्या दरवाज्याचा. मी दुकान उघडंच टाकलं, मथुराले घेतलं आन् ऑटोनं पोहोचलो.

आत गेलो त नीतू खाटेवर आखडलेली. एक नवीन डॉक्टर, कोवळा पोरगा, कॉम्प्युटरमध्ये तिचं नाव टाकून पाहून राहिला होता. जुनं सगळं त्यात होतंच. "मिरगी का पुराना केस है," असं त्यानं सिस्टरले सांगितलं. सिस्टरनं इंजेक्शन भरलं. तिनं नीतूचा हात धरला, कापूस फिरवला.

मी तोंड उघडायच्या आत मथुरानं त्या सिस्टरचं मनगट पकडलं.

"हात लावू नको माह्या पोरीले!"

असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. 

"मैडम, छोड़िए, दौरे का इंजेक्शन है," डॉक्टर म्हणाला.

"दौरा नाही! चमक आहे, चमक! पोटात निघून राहिली! ती सुई मांग घे आन् ग्लुकोज लाव, आधी ग्लुकोज लाव!"

"मैडम, समझ नहीं आ रहा. हिंदी में बोलिए."

"नाही बोलत!" मथुरा म्हणाली. मनगट तिनं सोडलं नव्हतं. "हिंदीत बोलली त माह्या पोरीचा पाय गेला. आता मी माह्या भाषेत बोलीन. तुले समजून घ्यायचं असन त घे, नाही त समजणारा बोलाव!"

वॉचमनले आवाज गेला. मी पुढं सरकली, म्हटलं आता मीच सांगते. तेवढ्यात खाटेवरून नीतू बोलली. दात आवळून, एक-एक शब्द तोडून.

"सर... मम्मी बोल रही है, ये दौरा नहीं है. मुझे पॉरफिरिया है. वो इंजेक्शन मेरे लिए ज़हर है. ग्लूकोज़ लगाइए. नागपुर फोन कीजिए, मम्मी के पास नंबर है."

डॉक्टर पोरीकडं पाहायला लागला. सिस्टरनं इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं.

"सांग त्याले," मथुरा म्हणाली, "तीन साल तुह्या मोठ्या डॉक्टरनं एकदा पोटाले हात नाही लावला."

"मम्मी बोल रही है, तीन साल तक आपके बड़े डॉक्टर ने एक बार भी पेट नहीं छुआ."

"आन् वरून म्हणे, तूच चमकी म्हणाली! मी चमक म्हणाली होती! सांग!"

नीतूनं तेही सांगितलं.

"आन् विचार त्याले, त्याच्या मायनं त्याले हेच शिकवलं का?"

नीतू थांबली. माह्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "सांग न् वं, थांबली कावून?"

"मम्मी पूछ रही है," नीतू म्हणाली, "आपकी मम्मी ने आपको यही सिखाया क्या?"

त्या पोरानं नागपूरले फोन लावला. डॉक्टर भाग्यश्रीशी बोलला, दोनदा यस मॅम म्हणाला, आन् सिस्टरले ग्लुकोजची बाटली आणायला सांगितलं. वॉचमन दारातच उभा राहिला. बाटली टांगली, थेंब सुरू झाले, तरी मथुरा थांबली नाही. नवरात्राचं बोलली, वेणीचं बोलली, रायपूरच्या त्या नाटकाचं बोलली, आन् नीतू कण्हत कण्हत एकेक वाक्य हिंदीत करत राहिली. त्या डॉक्टरले खाटेजवळ उभं राहून शेवटपर्यंत सगळं ऐकावं लागलं.